अहिंसक लढ्यांचा अभ्यास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अहिंसक लढ्यांबद्दलचं संशोधन कसं वाढत गेलं आणि इतकी वर्षं बाजूला का पडलं, यावर जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केलेत. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत, थोडी काटछाट करून. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. अहिंसक कृती म्हणजे मोर्चे, निवेदनं, मेणबत्त्या एवढंच ना?

नाही. मोर्चा हा त्यातला सगळ्यात दिसणारा भाग आहे, पण बऱ्याचदा सगळ्यात कमी ताकदीचा. निवडणूक, कोर्ट, अर्ज-विनंत्या या नेहमीच्या वाटा सोडून, समोरच्याला शारीरिक इजा न करता आणि तशी धमकीही न देता जो दबाव आणला जातो तो सगळा यात येतो. अमेरिकन अभ्यासक जीन शार्प यांनी १९७३ मध्ये अशा १९८ पद्धतींची यादी केली, त्यात निषेध आणि मन वळवण्याच्या ५४, असहकाराच्या १०३ आणि थेट हस्तक्षेपाच्या ४१. म्हणजे निम्म्याहून जास्त यादी असहकाराचीच आहे: संप, बहिष्कार, कर न भरणं, हुकूम कानाआड करणं, मुद्दाम संथ काम करणं, पदाचा राजीनामा. हरताळ आणि हिजरतसुद्धा (निषेध म्हणून गाव किंवा देश सोडून जाणं) त्या यादीत आहेत. यादी अर्थातच पूर्ण नाही, लोक रोज नवीन काहीतरी काढत असतात.

२. पण हा गांधीवादच झाला ना? ज्याला मनापासून अहिंसा पटत नाही त्याला हे जमणार कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. अभ्यासात दोन प्रवाह आहेत, एक तत्त्व म्हणून अहिंसा मानणारा आणि दुसरा डावपेच म्हणून. गांधींसाठी साधन आणि साध्य वेगळं नव्हतंच, विरोधकाचं मन बदलणं हे त्यांच्या सत्याग्रहाचं उद्दिष्ट होतं. शार्पनी सुरुवात गांधींवरच केली, पण पुढे ते म्हणायला लागले की इतिहासात संप-बहिष्कार करणारे बहुतेक लोक अहिंसावादी नव्हतेच, त्यांच्याकडे शस्त्रं नव्हती किंवा शस्त्रांचा उपयोग होणार नाही हे त्यांना कळत होतं, आणि तरीही त्यांचे लढे चालले. त्यामुळे श्रद्धेची अट त्यांनी काढून टाकली आणि हा विषय आश्रमातून निघून राज्यशास्त्राच्या वर्गात आला. माझ्या मते या बदलात कमावलं तसं गमावलंही. गांधींच्या कामाचा अर्धा भाग विधायक कार्यक्रम होता, म्हणजे खादी, शाळा, गावाची स्वच्छता, अस्पृश्यतेविरुद्धचं काम, आणि डावपेचवाल्या अभ्यासात तो जवळपास दिसेनासा झाला. सत्ता पाडायची कशी यावर पानंच्या पानं आहेत, नंतर उभं काय करायचं यावर फार कमी.

३. यावर पहिला अभ्यास कुणी केला? ही शाखा कधी सुरू झाली?

कल्पना जुनीच आहे. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये एतिएन द ला बोएसी यांनी लिहून ठेवलंय की जुलमी राजाची ताकद लोकांनीच दिलेली असते, लोकांनी आधार काढून घेतला की तो आपोआप कोसळतो. पण विचार मांडणं वेगळं आणि घडलेले लढे गोळा करून, ताडून बघणं वेगळं. तसं बघणारं सुरुवातीचं पुस्तक क्लॅरन्स मार्श केस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं, १९२३ चं. भारतातली असहकार चळवळ थांबून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

त्यानंतर रिचर्ड ग्रेग. हे वकील, रेल्वे कामगारांच्या संपाच्या काळात त्यांनी गांधींबद्दल वाचलं, १९२५ मध्ये थेट भारतात आले, सुमारे चार वर्षं राहिले आणि १९३४ मध्ये पुस्तक लिहिलं. मार न चुकवता आणि उलट न मारता उभ्या राहणाऱ्या माणसासमोर मारणाऱ्याचा तोल का जातो, हे मानसशास्त्राच्या अंगानं समजावून सांगणारे ते पहिल्या काही लोकांपैकी. त्या पुस्तकाच्या १९५९ च्या आवृत्तीला मार्टिन ल्यूथर किंग यांची प्रस्तावना आहे. मग कृष्णलाल श्रीधराणी, दांडीयात्रेत स्वतः चाललेला तरुण, कोलंबिया विद्यापीठात शिकला आणि १९३९ मध्ये त्यानं सत्याग्रहाचे टप्पे आणि रचना सांगणारं पुस्तक लिहिलं, जे पुढे अमेरिकेतल्या नागरी हक्कवाल्यांनी वाचलं. १९५८ मध्ये जोन बाँड्युरंट यांनी वायकोम, अहमदाबादचा गिरणी संप, रौलट, बारडोली आणि मीठ अशा पाच सत्याग्रहांची एकाच पद्धतीनं चिरफाड केली, त्याच सुमाराला नॉर्वेत योहान गाल्टुंग शांतता संशोधनाची संस्था उभी करत होते (१९५९), आणि १९७३ मध्ये शार्पचे तीन खंड आले.

इथे एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. यातले बरेचजण बाहेरून बघणारे नव्हते. श्रीधराणी चाललेले, शार्प कोरियन युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला नकार देऊन नऊ महिने तुरुंगात राहिलेले, गाल्टुंगही सैनिकी सेवा नाकारल्याबद्दल आत गेलेले. दुसरी गोष्ट म्हणजे या माळेत सलगपणा नाही. एक पुस्तक येतं, दहा-पंधरा वर्षं शांतता, मग कुणीतरी जवळपास शून्यापासून परत सुरू करतं. केसचं नाव आज कितीजणांना माहीत आहे?

४. मग हे ज्ञान विद्यापीठात तयार होतं की रस्त्यावर?

आधी रस्त्यावर, आणि विद्यापीठ बरंच मागून येतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या नागरी हक्क चळवळीतले जेम्स लॉसन यांचं बघा. १९५० च्या दशकात ते मिशनरी म्हणून नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते, तिथे गांधींचा अभ्यास केला, परत गेल्यावर अमेरिकेतल्या नॅशविल शहरात विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घ्यायला लागले. त्या कार्यशाळा काय होत्या, तर आज आपण ज्याला प्रयोग म्हणू तसंच सगळं: विद्यार्थी गोऱ्या गुंडांची भूमिका घ्यायचे, शिव्या द्यायचे, ढकलायचे, आणि दुसऱ्यांनी स्थिर कसं राहायचं, शेजारच्याला मार बसत असेल तर मध्ये कसं पडायचं, डोकं कसं वाचवायचं याचा सराव करायचा, मग बसून त्यावर चर्चा. फेब्रुवारी १९६० मध्ये त्यांनी दुकानांमधल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या जेवणाच्या काउंटरवर बसकण मारली आणि मे महिन्यात ती काउंटर सगळ्यांसाठी उघडली. यात गृहीतक आहे, चाचणी आहे, दुरुस्ती आहे. पण लॉसन ज्या विद्यापीठात शिकत होते त्या व्हँडरबिल्टनं याच कामाबद्दल मार्च १९६० मध्ये त्यांना काढून टाकलं. २००६ मध्ये त्याच विद्यापीठानं त्यांना पाहुणे प्राध्यापक म्हणून बोलावलं. मधली ४६ वर्षं हे ज्ञान कुणाच्या खाती जमा होतं, हा विचार मनातून जात नाही.

नॉर्वेतही तसंच. १९४२ मध्ये क्विसलिंगच्या नाझीधार्जिण्या सरकारनं शिक्षकांना सक्तीच्या संघटनेत ओढायचा प्रयत्न केला, हजारो शिक्षकांनी एकाच मजकुराचं नकारपत्र पाठवलं, हजाराहून जास्त शिक्षकांना अटक झाली, शेकडोंना पार उत्तरेला कर्केनेसला मजुरीला नेलं, आणि शेवटी सरकारला तो बेत सोडावा लागला. हे करताना कुणी पुस्तक बघून केलेलं नव्हतं. नंतर पन्नाशीच्या दशकात शार्प तिथे गेले, लोकांशी बोलले आणि मग ते लिखाणात आलं.

उलटा प्रवासही होतो म्हणा. शार्पनी १९९३ मध्ये बर्मी लोकांसाठी लिहिलेली छोटी पुस्तिका तीसहून जास्त भाषांत गेली आणि सर्बियातल्या ओतपोर या तरुणांच्या चळवळीतल्या पोरांनी तिथला सत्ताधीश मिलोशेविच याच्याविरुद्ध (२०००) ती वापरली. पण तिथेही सिद्धांत बाहेरून आला, विनोदी पथनाट्यं, मुठीचं चिन्ह, छोट्या गावांतून सुरुवात हे सगळं डोकं त्यांचं स्वतःचं होतं.

५. एवढं सगळं आहे तर मग दुर्लक्ष का? राज्यशास्त्रात एमए केलं तरी एक तास यावर झाला नाही.

याला एक कारण नाही, बरीच कारणं एकमेकांत अडकलेली आहेत.

सगळ्यात मोठं कारण पैसा आणि सत्ता. युद्धाचा अभ्यास करायला लष्करी अकादम्या आहेत, संरक्षण मंत्रालयांचे निधी आहेत, शस्त्र कंपन्या आहेत. लोकांनी आज्ञापालन थांबवलं तर काय होतं याचा अभ्यास करायला पैसे कोण देणार? कुठल्याही सरकारला, अगदी लोकशाहीतल्याही, आपल्याच नागरिकांनी हे कौशल्य शिकावं असं वाटत नाही. शार्पनी १९८३ मध्ये काढलेली संस्था हार्वर्डच्या नावाजलेल्या माणसाची असूनही शेवटी बोस्टनमधल्या त्यांच्या घरातून चालत होती.

दुसरं म्हणजे या विषयाला स्वतःचं घरच नाही. राज्यशास्त्रवाले म्हणतात हे समाजशास्त्र, समाजशास्त्रात चळवळींचा अभ्यास होतो पण तिथे लढा हिंसक की अहिंसक हा फरक बरीच वर्षं गौण धरला गेला, इतिहासकार एकेका देशाचं बघतात, धर्माचे अभ्यासक तत्त्वज्ञान बघतात. ज्या तरुण संशोधकाला नोकरी मिळवायची आहे तो कुठल्याच विभागात नीट न बसणारा विषय घेताना दहा वेळा विचार करणार, आणि त्यात त्याची चूकही नाही.

तिसरं, उजवे आणि डावे दोघांनाही हे पचत नाही. आंतरराष्ट्रीय संबंधांमध्ये सत्ता म्हणजे सैन्य आणि अर्थबळ असं मानणाऱ्यांना हे भाबडं वाटतं, क्रांतीचा मार्ग बंदुकीतून जातो असं मानणाऱ्यांना हे तडजोडवादी वाटतं.

चौथं, श्रेय दुसरीकडे जातं. १९८९ मध्ये पूर्व युरोपातली सरकारं एकामागून एक गेली तेव्हा गोर्बाचेव्ह, अर्थव्यवस्था, शीतयुद्ध यावर ढीगभर लिहिलं गेलं. ती कारणं खरीच आहेत. पण पोलंडमध्ये सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेनं १९८० पासून उभी केलेली समांतर वर्तमानपत्रं, भूमिगत शिक्षण, संपाची यंत्रणा हे सगळं जणू पार्श्वभूमी असल्यासारखं मागे गेलं. ही उलथापालथ भल्याभल्या तज्ज्ञांना आधी दिसली नव्हती. अर्थशास्त्रज्ञ टिमुर कुरान यांनी १९९१ मध्ये त्याचं एक कारण दिलं की दडपशाहीत लोक आपलं खरं मत लपवून ठेवतात, त्यामुळे सरकारलाही कळत नाही आणि संशोधकालाही. मला त्यात एक भर घालावीशी वाटते: जे लोक कारखान्यांत आणि चर्चच्या तळघरांत रोज काम करत होते त्यांच्याकडे कुणी नीट लक्षच दिलं नव्हतं.

पाचवं कारण सांगताना वाईट वाटतं, कारण ते प्रेमातून आलेलं आहे. आपण या माणसांना संत करून टाकतो. गांधी, किंग यांचे पुतळे उभे राहतात, जयंत्या होतात, आणि त्यांनी निधी कसा गोळा केला, स्वयंसेवक कसे निवडले, लढा कधी थांबवला, कुठे हरले, हे बघायचं राहून जातं. ज्याची पूजा करतो त्याची पद्धत आपण तपासत नाही.

६. इतिहासाच्या पुस्तकातून अहिंसक लढे गायब होतात असं म्हणतात. उदाहरण द्या ना.

अमेरिकेचं स्वातंत्र्य म्हटलं की बंदुका आणि वॉशिंग्टन. पण १७६५ ते १७७५ ही दहा वर्षं वसाहतींनी ब्रिटिश माल घेणं बंद केलं, मुद्रांक कर भरायला नकार दिला (तो कायदा १७६६ मध्ये मागे घ्यावा लागला), स्वतःच्या समित्या आणि समांतर सभागृहं चालवली. सगळं शांततेत झालं असं नाही, जमावानं अधिकाऱ्यांची घरंही फोडली. तरी या क्रांतीचे एक नेते जॉन ॲडम्स यांनी म्हातारपणी दुसरे नेते जेफरसन यांना लिहिलं की खरी क्रांती लोकांच्या मनात झाली, लेक्सिंग्टनला (जिथे युद्धाला तोंड फुटलं) रक्त सांडायच्या आधीच. या दहा वर्षांकडे अहिंसक लढा म्हणून बघणारा मोठा ग्रंथ यायला १९८६ उजाडलं.

दुसरं उदाहरण जास्त दुखरं आहे. खान अब्दुल गफार खान यांचे खुदाई खिदमतगार, हजारो पठाण, शस्त्र न उचलण्याची शपथ घेतलेले. २३ एप्रिल १९३० ला पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात त्यांच्यावर गोळीबार झाला आणि चंद्रसिंह गढवाली यांच्यासह ब्रिटिशांच्या गढवाल रायफल्सच्या सैनिकांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडायला नकार दिला. सैनिकांनी हुकूम नाकारणं हा या अभ्यासातला सगळ्यात कळीचा क्षण मानला जातो, आणि तो इथे घडला होता. पण १९४८ मध्ये पाकिस्तान सरकारनं संघटनेवर बंदी घातली, कार्यकर्ते तुरुंगात गेले, आणि पठाण म्हणजे लढवय्ये हा साचा इतका पक्का होता की ही चळवळ त्यात बसेना. मुकुलिका बॅनर्जी यांनी १९९० च्या दशकात वयोवृद्ध झालेल्या खिदमतगारांना शोधून त्यांच्याशी बोलून पुस्तक केलं (२०००). आणखी दहा वर्षं गेली असती तर सांगणारं किती उरलं असतं?

७. अहिंसक लढे ५३ टक्के यशस्वी आणि हिंसक २६ टक्के, हा आकडा आला कुठून?

एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टेफन यांच्या अभ्यासातून, आधी २००८ चा लेख आणि मग २०११ चं पुस्तक. चेनोवेथ आधी दहशतवाद आणि राजकीय हिंसा यावर काम करायचे, २००६ मध्ये एका कार्यशाळेत गेले तेव्हा त्यांना हे सगळं पटलं नव्हतं, म्हणून मोजून बघायचं ठरलं. १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोहिमा घेतल्या, हिंसक आणि अहिंसक दोन्ही, आणि हा निकाल निघाला. त्यांचं स्पष्टीकरण मुख्यतः सहभागाचं आहे: अहिंसक लढ्यात म्हातारे, बायका, मुलं, नोकरदार, सगळे येऊ शकतात, सरासरी सहभाग दोन लाखांच्या वर, हिंसक लढ्यापेक्षा सुमारे दीड लाखानं जास्त. माणसं जास्त आली की त्यात पोलिसाचा भाऊ असतो, कारकुनाची मुलगी असते, आणि वरचा हुकूम खाली पोचेपर्यंत ढिला पडतो.

या अभ्यासानं विषयाचं नशीब बदललं हे खरं आहे. पन्नास वर्षं लोक उदाहरणं देत होते आणि समोरचे म्हणत होते अपवाद आहेत. आकड्यांचं पुस्तक आलं, आणि त्याच वर्षी (२०११) अरब देशांत लोक रस्त्यावर उतरले, मग मोठ्या जर्नल्सची दारं उघडली. हा आकडा कुठे लंगडा पडतो ते प्रश्न ९ मध्ये.

८. साडेतीन टक्के लोक रस्त्यावर उतरले की सरकार पडतंच, हे खरं का?

नियम म्हणून वापरू नका. चेनोवेथ यांना जुन्या माहितीत असं दिसलं होतं की ज्या मोहिमेत सर्वोच्च टप्प्यावर लोकसंख्येच्या किमान ३.५ टक्के लोक सामील झाले तिथे अपयश आलं नाही. हे २०१३ च्या भाषणानंतर घोषणेसारखं पसरलं. पुढे त्यांनीच २०२० मध्ये सावधगिरीचा खुलासा केला: ब्रुनेई (१९६२) आणि बहारीन (२०११ ते २०१४) हे अपवाद सापडलेत, आणि यशस्वी झालेल्या बहुतेक मोहिमा साडेतीन टक्क्यांच्या खालीच होत्या. शिवाय तो आकडा घडून गेलेल्याचं वर्णन होता. गर्दी जमवली की झालं असा अर्थ काढणाऱ्यांनी मागची कित्येक वर्षांची बांधणी वगळून टाकली.

९. या आकड्यांवर टीका झाली आहे का? की सगळेच मान डोलावतात?

भरपूर झाली आहे आणि ती व्हायलाच हवी.

पहिली अडचण निवडीची. यादीत यायला किमान हजार लोकांचा सहभाग हवा आणि उद्दिष्ट कमालीचं हवं, म्हणजे सत्ताबदल, परकीय ताबा हटवणं किंवा फुटून निघणं. उगवतानाच चिरडलेले लढे यात येतच नाहीत, आणि अहिंसक लढा लहान असताना चिरडला तर त्याची बातमीही होत नाही. त्यामुळे यशाची टक्केवारी फुगलेली असू शकते.

दुसरी, त्याच व्याख्येमुळे जगातले कितीतरी महत्त्वाचे लढे बाहेर राहतात. अमेरिकेतली नागरी हक्कांची चळवळ सरकार पाडायला निघाली नव्हती. १९२७ चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह किंवा १९३० ला सुरू झालेला नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालचे हे लढे सरकारविरुद्ध नव्हतेच, शेजाऱ्यांच्या वर्चस्वाविरुद्ध होते. जिथे जुलूम राजवाड्यात नसून गल्लीत असतो तिथे 'राजा पडला का' हा निकष लागूच होत नाही. ब्रायन मार्टिन यांनी १९८९ मध्ये शार्पच्या सत्ताविचारावर हाच आक्षेप घेतला होता, की शासक आणि प्रजा अशा दोन खणांत पितृसत्ता, नोकरशाही, भांडवलशाही बसत नाहीत. जात तर नाहीच बसत.

तिसरी अडचण 'अहिंसक' हा शिक्का मारण्याची, ती प्रश्न १० मध्ये.

चौथी म्हणजे रोजचा गुपचूप प्रतिकार. जेम्स स्कॉट यांनी मलेशियातल्या भातशेतीच्या गावात राहून १९८५ मध्ये दाखवलं की गरीब लोक कामचुकारपणा, खोटं अज्ञान, लपवाछपवी, चहाड्या अशा मार्गांनी सतत झगडत असतात. यात नेता नाही, तारीख नाही, मागणीपत्र नाही, मग मोहिमांच्या यादीत हे कुठल्या रकान्यात टाकणार?

१०. लोकांनी दगड मारले, बस जाळली, तर तो लढा अहिंसक धरायचा का? आणि थोडी हिंसा फायद्याची असते असंही ऐकलंय.

संशोधक मुख्य पद्धत कोणती ते बघून शिक्का मारतात, त्यामुळे १९८७ चा पॅलेस्टाइनमधला पहिला इंतिफादा (इस्रायलच्या ताब्याविरुद्धचा उठाव) काहीजण अहिंसक धरतात, कारण त्यात संप, करबंदी, बहिष्कार होते, आणि जगाला मात्र दगडच आठवतात. मोहम्मद अली कादिवार आणि नील केचली यांनी २०१८ मध्ये दाखवलं की लोकशाहीकडे नेणाऱ्या बऱ्याच उठावांमध्ये दगडफेक, जाळपोळ अशी विनाशस्त्र हिंसा होती. म्हणजे 'शुद्ध अहिंसक' आणि 'सशस्त्र' यांच्या मध्ये मोठा प्रदेश आहे आणि तो आत्तापर्यंत कमी अभ्यासला गेला.

थोडी हिंसा मदत करते का, यावर एकमत नाही. हर्बर्ट हेन्स यांना असं आढळलं होतं की जहाल गट पुढे आल्यावर मवाळ नागरी हक्क संघटनांना देणग्या वाढल्या. उलट ओमार वासो यांच्या २०२० च्या अभ्यासात साठच्या दशकात अहिंसक आंदोलनांच्या आसपास डेमोक्रॅटिक पक्षाची मतं वाढलेली आणि हिंसक घटनांच्या आसपास कमी झालेली दिसतात. चेनोवेथ आणि कर्ट शॉक यांना २०१५ मध्ये सरसकट फायदा दिसला नाही, सहभाग घटण्याचा धोका मात्र दिसला. माझा स्वतःचा कल तिकडे आहे, कारण पहिला दगड पडला की लहान मूल घेऊन आलेली बाई घरी जाते.

११. हिटलरसमोर हे चाललं असतं का?

राजकीय विचारवंत हॅना आरेंट यांनी १९७० मध्ये म्हटलं होतं की गांधींसमोर ब्रिटिशांऐवजी स्टालिन किंवा हिटलर असता तर शेवट कत्तलीत झाला असता. हा आक्षेप गंभीर आहे, झटकून टाकायचा नाही. नरसंहार ठरवलेल्या सत्तेला बळींच्या सहकार्याची गरजच नसते, मग असहकारानं अडणार काय?

पण 'कधीच चाललं नाही' हेही खोटं आहे. नॉर्वेचे शिक्षक प्रश्न ४ मध्ये आलेत. बर्लिनमध्ये १९४३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्यू नवऱ्यांना पकडल्यावर त्यांच्या बिगर-ज्यू बायका रोझेनश्ट्रासे या रस्त्यावर दिवसेंदिवस उभ्या राहिल्या आणि नवरे सुटले. त्या निषेधामुळेच सुटले की त्यांना तेव्हा पाठवायचं ठरलंच नव्हतं, यावर इतिहासकारांत वाद आहे, तो लपवायला नको. दोन्हींत एक साम्य दिसतं: सत्तेला ज्यांची गरज होती किंवा ज्यांना दुखावणं परवडत नव्हतं अशा लोकांनी नकार दिला. मला वाटतं खरा प्रश्न 'ही राजवट किती क्रूर' एवढाच नाही, 'तिला कुणाचे हात लागतात आणि त्या हातांपर्यंत पोचता येतं का' हा आहे.

१२. लष्कराऐवजी अहिंसेनं देशाचं संरक्षण, असं काही खरंच अभ्यासलं गेलंय?

हो, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित भाग तोच. १९५८ मध्ये स्टीफन किंग-हॉल या ब्रिटिश नौदलातल्या निवृत्त अधिकाऱ्यानं अणुयुगात शस्त्रांनी रक्षण होत नाही म्हणून नागरी प्रतिकाराचा विचार करा असं लिहिलं, ॲडम रॉबर्ट्स आणि शार्पनी ते पुढे नेलं. पुरावा म्हणून जर्मनीतला १९२० चा काप उठाव (उजव्या गटांनी सैनिकांच्या मदतीनं सरकार उलथायचा केलेला प्रयत्न), जो मुख्यतः सार्वत्रिक संपानं काही दिवसांत कोसळला, आणि १९६८ मध्ये सोव्हिएत फौजा शिरल्या तेव्हाचं चेकोस्लोव्हाकिया, जिथे लोकांनी रस्त्यांच्या पाट्या बदलल्या, गुप्त रेडिओ चालवला, रशियन सैनिकांशी वाद घातला आणि काही दिवस तरी आक्रमकांना आपलं सरकार बसवता आलं नाही. तेही बिनतयारीचं. तयारी केली तर काय होईल, हे तपासायला लष्कराच्या बजेटचा चिमूटभर भागही कुणी दिला नाही. लिथुआनियाच्या नेत्यांनी १९९१ मध्ये सोव्हिएत रणगाड्यांसमोर हे लिखाण वाचून वापरलं होतं, आणि देश स्थिर झाल्यावर तोही नेहमीच्या लष्करी वाटेनं गेला.

१३. शार्प सीआयएचे होते ना? मग हा सगळा अभ्यासच अमेरिकेचा डाव नाही का?

ते सीआयएचे होते याला पुरावा नाही. पण संबंधांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. हार्वर्डमध्ये असताना त्यांच्या संशोधनाला तिथले अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांच्यामार्फत अमेरिकन संरक्षण खात्याच्या संशोधन निधीतले पैसे मिळाले होते, आणि हे त्यांनी स्वतः पुस्तकात छापलंय. ओतपोरच्या मुलांना शिकवायला रॉबर्ट हेल्वी हे अमेरिकन लष्करातले निवृत्त कर्नल गेले होते. व्हेनेझुएलाचे राष्ट्राध्यक्ष ह्यूगो चावेझ यांनी शार्पवर आरोप केले, २००८ मध्ये इराणच्या सरकारनं त्यांना कटाचा सूत्रधार दाखवणारी चित्रफीत काढली.

माझं म्हणणं असं की पैसा कुठून येतो हे विचारत राहावं, कारण कुठल्या देशातले लढे 'अभ्यासण्याजोगे' ठरतात यावर त्याचा परिणाम होतो. पण बाहेरून कुणी पुस्तिका पाठवली म्हणून लाखो माणसं जीव धोक्यात घालून रस्त्यावर येत नाहीत. त्यांची भूक, त्यांचा राग, त्यांची बुद्धी त्यांचीच असते, आणि हे नाकारणं म्हणजे त्यांचा दुसऱ्यांदा अपमान.

१४. अलीकडे तर लढे हरतच आहेत. मग संशोधन चुकलं का?

यश घटलंय हे खरं. चेनोवेथ यांच्याच आकड्यांनुसार २०१० ते २०१९ या काळात अहिंसक उठावांचं यश ३४ टक्क्यांच्या खाली आलं. सशस्त्र लढ्यांचं त्याहून जास्त घसरलं, ८ टक्क्यांच्या आसपास. कारणं सांगितली जातात ती अशी की मोहिमांचा सरासरी आकार कमी झाला, संप-असहकाराऐवजी मोर्चांवर भर आला, फोनवरून गर्दी पटकन जमते पण संघटना बांधली जात नाही, आणि त्याच फोनवरून सरकार पाळत ठेवतं. प्रश्न १ मध्ये मोर्चाबद्दल जे म्हटलंय ते इथे जोडून वाचा.

१५. सरकारंही हे संशोधन वाचतात. मग ते छापणं धोक्याचं नाही का?

वाचतात, नक्कीच वाचतात. रक्तपात झाला की उलटतो हे कळल्यावर हुशार सरकारं गोळ्या न झाडता खटले, दंड, नोकरीवरून काढणं, इंटरनेट बंद करणं असे कमी दिसणारे मार्ग घेतात. तरी मी छापण्याच्याच बाजूनं आहे. हुकूमशहाकडे सल्लागार, पोलिस अकादमी, पैसा सगळं आधीच आहे, त्याला पुस्तक नाही मिळालं तरी चालतं. ज्या पद्धतीला हजारो सामान्य माणसांची समज लागते ती गुपित ठेवून चालवताच येत नाही. वेगळा विचार करावा लागतो तो चालू लढ्याच्या तपशिलांचा, आणि तो पुढच्या प्रश्नात.

१६. आमच्या इथे लढा झाला/चालू आहे. आम्ही संशोधक नाही. नोंद कशी ठेवावी?

ठेवा, प्लीज ठेवा, प्रश्न ६ मधलं वाचलं असेल तर का ते कळलंच असेल. विजयाचा अहवाल लिहू नका, तो सगळेच लिहितात. बैठकीत कशावर वाद झाला, कुठला पर्याय सोडला आणि का सोडला, हे त्याच आठवड्यात लिहून काढा, वर्षभरानं आठवण स्वतःच गुळगुळीत होते. संपाच्या काळात घरं कशी चालली, उसने पैसे कुणी दिले, स्वयंपाक आणि मुलं कुणी सांभाळली हे हमखास सुटतं आणि त्यात बहुतेक बायकांचं काम असतं. कोण सोडून गेलं आणि कधी. समोरच्यानं प्रत्येक पावलावर काय केलं, तारखेसकट. पत्रकं, हाताने लिहिलेले फलक, आवाजातली रेकॉर्डिंग जपा, निदान दोन वेगळ्या जागी. जे फसलं तेही तितक्याच तपशिलात लिहा, कारण फसलेल्या लढ्यांच्या नोंदी जवळपास मिळतच नाहीत आणि त्यामुळेच वरचे सगळे आकडे कच्चे राहतात.

लढा चालू असेल तर खऱ्या नावांऐवजी खुणा वापरा, खुणांची यादी नोंदीपासून वेगळी आणि शक्यतो कागदावर ठेवा, चेहरे दिसणारे फोटो ऑनलाइन साठवू नका, आणि ज्याचं बोलणं लिहिलं त्याला ते दाखवून विचारा की हे आत्ता बाहेर गेलं तर चालेल का, की पाच वर्षांनी.